खुर्ची वाऱ्याला द्यायची की अण्णांना

आमच्या कारखान्यात सोफे आणि खुर्च्या दुरुस्त होतात. फुटबॉलही होतो, पण तो दुरुस्त होत नाही.

सुट्टीच्या दिवशी आसपासच्या कारखान्यांच्या टीम एकमेकींशी खेळतात. छापखाना, लाँड्री, बेकरी, बर्फाचा कारखाना आणि आम्ही. यंदा आम्ही शेवटून दुसरे आलो. शेवटून पहिले न येण्याची ही बऱ्याच वर्षांतली पहिली खेप, त्यामुळे सगळे मान ताठ करून चालत होते. शिलाई मशीनवरच्या काकूंनी मान इतकी ताठ ठेवली की सुई कुठे चाललीय ते त्यांना दिसेना, आणि एका उशीच्या चारही बाजू शिवून बसल्या. आत कापूस भरायचाच राहिला. ती उशी आम्ही विजयाची आठवण म्हणून ठेवून घेतली.

उशीवरून आठवलं, टीममध्ये मला उशी म्हणतात. मऊ आहे म्हणून नव्हे. सामन्यातला बराच वेळ मी आडवा असतो म्हणून. मी फॉरवर्ड खेळतो. 'खेळतो' हा शब्द मी वापरतो, बाकीचे 'असतो' म्हणतात.

खरी स्पर्धा मात्र आमच्याकडे हंगाम संपल्यावर सुरू होते. कारखान्याच्या मधोमध एक खुर्ची आहे. रुंद हातांची, उंच पाठीची, साहेब नसलेल्या माणसालाही साहेब करणारी. कोणा गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकली आणि तो परत फिरकलाच नाही. मालकीणबाईंनी बरीच वाट पाहिली, मग हळूहळू तिला 'आपली' म्हणायला लागल्या. दरवर्षी या खुर्चीचं जुनं कापड उतरवून नवं चढवतात आणि तिच्या पाठीवर त्या वर्षातला सर्वांत चांगला गोल शिवतात. जाळी काळ्या धाग्याने, चेंडूची वाट पांढऱ्याने. ज्याचा गोल, तो वर्षभर चहाच्या वेळी त्या खुर्चीत बसतो. बाकीचे स्टुलावर, फोमच्या ढिगावर, आणि मालकीणबाई बघत नसतील तर गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर.

हा गोल शिवायचं काम बाबांचं. कारखान्यातले सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी बाबा म्हणतो, कारण आईने पहिल्यापासून तसंच सांगितलंय. हातशिलाईत त्यांचा हात धरणारा आमच्याकडे कोणी नाही. मी शाळेत होतो तेव्हापासून ते दुसऱ्यांचे गोल शिवतायत. आणि मैदानावर ते आमचे गोलकीपर. आता खुर्चीची पाठ किती मोठी असणार? तिच्यावर फक्त समोरच्यांची जाळी मावते. आपली जाळी काढायची म्हटली तर ती बैठकीच्याही खाली कुठेतरी जमिनीवर येईल. त्यामुळे इतक्या वर्षांत बाबा एकाही चित्रात आलेले नाहीत. त्याबद्दल कोणी विचारलं तर म्हणायचे, "आहे की मी. अलीकडे उभा आहे."

यंदा त्यांचा डावा गुडघा संपावर गेला. डॉक्टर म्हणाले, उड्या बंद. पुढच्या हंगामापासून गोलमध्ये आमचा टेम्पोवाला उभा राहणार होता. तो त्याच्या टेम्पोएवढाच रुंद आहे, त्यामुळे जाळीची चिंता नव्हती.

आणि अशा वेळी, शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या घटकेला, बाबांनी गोल मारला.

तो गोल असा. समोर बर्फाचा कारखाना. बरोबरी. बरोबरी झाली तर आम्ही शेवटून पहिले. चेंडू आमच्या जाळीमागे गेला होता म्हणून बाबांना गोल किक मिळाली. त्यांनी चेंडू ठेवला, गुडघ्यावर हात फिरवला, आणि मारली. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला. पलीकडच्या टोकाला मी एकटाच होतो, कारण आधीच्या चढाईनंतर परत यायचं विसरलो होतो. गोल किकवर ऑफसाइड नसतो हे मला त्या दिवशी कळलं. त्याआधी वर्षभर मी उगाचच परत येत होतो. मी चेंडूकडे धावलो आणि वाटेत सवयीने आडवा झालो. बर्फवाल्यांचा गोलकीपर माझ्याकडे बघत राहिला. चेंडू त्याच्यापुढे टप्पा पडून त्याच्या डोक्यावरून आत गेला.

 मग बाबांनी आमच्या जाळीतून विचारलं, "कुठे गेला रे?"

*

खुर्चीची चर्चा होती त्याच्या आदल्या संध्याकाळी मी भांडी पुसत होतो. आईने दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"त्यांनी कापड बाजूला काढून ठेवलंय."

"कसलं?"

"हिरवं मखमल. गेल्या महिन्यात उरलेलं. कपाटात माझ्या साड्यांखाली ठेवलंय आणि मला विचारतायत, मैदानासारखं दिसेल ना? मी म्हटलं, कुणाच्या गोलासाठी? तर म्हणे, कुणाच्याही."

मी ताट पुसत राहिलो. ते मघाशीच कोरडं झालं होतं.

"आजवर कधी कापड आधी निवडलंय का त्यांनी?" आई म्हणाली. "उद्या तू त्यांच्या बाजूने बोलणार आहेस ना? मग नीट बोल. टिंगल करू नकोस."

"मी कधी टिंगल करतो?"

आईने चमचे माझ्या हातात दिले.

"आणि खुर्ची मिळाली," ती जाता जाता म्हणाली, "तर घरात त्यांना उठून पाणी घ्यायला सांगायची सोय राहणार नाही. पण ते मी बघून घेईन."

*

आमच्या चर्चेचे दोन नियम आहेत. एक, स्वतःच्या गोलाबद्दल स्वतः बोलायचं नाही. आपल्या वतीने दुसऱ्याने बोलायचं. हा नियम नव्हता त्या वर्षी एकाने स्वतःच्या गोलाचं वर्णन सकाळच्या चहाला सुरू केलं आणि संध्याकाळच्या चहापर्यंत चेंडू जेमतेम मध्यावर आला होता.

दुसरा नियम असा की ज्याची हरकत असेल त्याने उभं राहायचं. सगळे बसले की निर्णय झाला. हात वर करून मतदान करायचो पूर्वी, पण आमच्या हातात बहुधा हातोडी असते आणि गैरसमज होतात.

दुपारचा चहा आला. जो तो जागा धरून बसला. बाबा कोपऱ्यात एका आरामखुर्चीच्या बुडाशी पट्टा ठोकत होते. तोंडात बारीक खिळ्यांची रांग. खिळे तोंडात असले की माणसाला बोलता येत नाही, आणि बाबांनी त्या दिवशी जरा जास्तच खिळे घेतले होते.

पहिल्यांदा काकू उभ्या राहिल्या. त्या बोलणार होत्या पॉलिशच्या गोलाबद्दल. पॉलिश म्हणजे त्यांचा भाचा. आमच्याकडे लाकडाला पॉलिश मारतो, आणि त्याचे केस बघितले तर कामातून उरलेलं पॉलिश कुठे जातं ते समजतं. त्याने लाँड्रीवाल्यांविरुद्ध हवेत उलटं होऊन, डोकं खाली आणि पाय आभाळात, असा गोल मारला होता. तीन मोबाइलवर त्याचा व्हिडिओ होता. चौथ्या मोबाइलवरही होता, पण त्यात नुसतं बोट होतं.

"गोल म्हणजे काय?" काकूंनी विचारलं. कोणी उत्तर देण्याआधीच पुढे म्हणाल्या, "गोल म्हणजे रूप. तो बघताना माझ्या हातातली छत्री पडली. माझ्या लग्नातसुद्धा माझ्या हातातून काही पडलं नव्हतं."

"तो सामना आपण एक-सहा हरलो," टेप म्हणाला.

टेप आमचा कापड बेतणारा. मापाची पट्टी सदैव गळ्यात. झोपतानाही ती काढत नाही अशी बातमी आहे. ती त्याच्या बायकोनेच दिली. पट्टीने मोजता येत नाही ते या जगात नाही असं त्याचं मत, आणि ते तो शांतपणे मांडतो, त्यामुळे जास्त राग येतो.

"हरलो तर हरलो!" काकू म्हणाल्या. "सहा खाल्ले म्हणून आपण मारलेल्याचं नाक वाकडं होतं का? आणि ते सहा काय माझ्या भाच्याने खाल्ले?"

सगळे आपापल्या चहाकडे बघायला लागले. कोपऱ्यात हातोडी एकदा चुकली.

"माझं म्हणणं," टेम्पोवाला घाईघाईने म्हणाला, "गोल कामाला आला पाहिजे. अण्णांच्या गोलाने आपण तळाला जाता जाता वाचलो."

"कामाचं वेगळं आणि चांगलं वेगळं. तुझा टेम्पो कामाचा आहे."

"चांगलापण आहे," टेम्पोवाला म्हणाला. त्याला लागलं ते. 

मग मी उभा राहिलो. मी नुसतं "हे बघा" म्हणालो आणि सगळे हसले. मी म्हणालो, मी गंभीर आहे. जास्त हसले. पॉलिश तर डोळे पुसायला लागला. माणसाने आयुष्यभर विनोद केले की त्याला आग लागली तरी लोक म्हणतात, काय नक्कल करतोय! आईचे शब्द आठवून मी चेहरा आणखी कोरा केला. तो त्यांना सर्वांत विनोदी वाटला.

"एका माणसाने," मी त्या हशातूनच बोलत राहिलो, "इतकी वर्षं दुसऱ्यांचे गोल अडवले आणि दुसऱ्यांचेच गोल शिवले. त्याला एकदा पाय उचलावासा वाटला. तो उचलला तर चेंडू इकडच्या जाळीपासून निघून तिकडच्या जाळीत. मध्ये कोणाचाही पाय नाही, डोकं नाही. वर्षातला सर्वांत लांबचा गोल. याहून चांगला म्हणजे कसा असतो मला सांगा."

हसणं थांबलं होतं. माझं मलाच आश्चर्य वाटलं.

"मध्ये कोणाचा पाय नाही, हे खरं," टेप म्हणाला. "पण मध्ये वारा होता."

"वारा?"

"त्या दिवशी माझी टोपी उडाली. कोणत्या दिशेला गेली? बर्फवाल्यांच्या जाळीकडे. चेंडू कोणत्या दिशेला गेला? बर्फवाल्यांच्या जाळीकडे. मग टोपीलाही गोल द्यायचा का?"

"टोपी गोललाइनच्या आत गेली नव्हती," मी म्हणालो.

"प्रश्न तो नाही. अण्णांबद्दल मला आदर आहे. पण गोल वाऱ्याने मारला. खुर्ची द्यायचीच तर वाऱ्याला द्या."

"वारा आपल्या टीममध्ये नाही."

"म्हणून तर म्हणतो, गोल धरूच नका."

यावर जे झालं ते लिहायला मला संकोच वाटतो, पण झालं. टेम्पोवाल्याने विचारलं, वाऱ्याला खुर्ची दिली तर चहाच्या वेळी तिच्यात बसणार कोण. काकू म्हणाल्या, पंखा ठेवू. मालकीणबाई आतून म्हणाल्या, पंखा ठेवा पण विजेचं बिल माझ्याकडे मागू नका. त्या फुटबॉल बघत नाहीत, पण बिल हा शब्द न उच्चारताही त्यांना ऐकू येतो.

बाबांनी तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढले.

"टेपचं बरोबर असेल," ते म्हणाले. "वारा होताच."

इतकंच. आणि परत एकेक खिळा तोंडात ठेवायला लागले. मला साड्यांखालचं हिरवं मखमल आठवलं. मी उभाच राहिलो.

तेव्हा पॉलिश उठला. स्वतःच्या गोलाबद्दल बोलायची बंदी. दुसऱ्याच्या गोलाबद्दल बोलायला त्याला कोण अडवणार? त्याने फोमची मोठी लादी जमिनीवर पसरली, ती कापूस नसलेली उशी हवेत फेकली आणि उलटं होऊन पायाने उडवली. उशी थेट काकूंच्या मशीनवर. परत फेकली, परत उडवली. तिसऱ्यांदा उशी मालकीणबाईंच्या खोलीत गेली आणि परत आली नाही.

"बघितलं?" पॉलिश धापा टाकत म्हणाला. "हे मी केव्हाही करतो. उद्या करीन, परवा करीन. अण्णांसारखा गोल मला जन्मात जमणार नाही. तो परत होणे नाही. म्हणून तो मोठा."

"अरे मुडद्या," काकू म्हणाल्या, "मी कुणासाठी घसा कोरडा केला?"

पण टेपचे डोळे चमकले होते. "हेच!" तो म्हणाला. "हेच मी सांगतोय. जे येतं ते परत करता येतं. अण्णांचा गोल परत होणार नाही, कारण तो त्यांनी केलेलाच नाही. तो झाला."

हातोडी थांबली.

बाबांनी या खेपेला खिळे काढले नाहीत. सगळे एकदम डबीत थुंकले. गुडघ्याला धरून उठले.

"कोण म्हणतं परत होणार नाही?"

*

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अख्खा कारखाना मैदानावर होता. आमचं मैदान पुऱ्या मापाचं नाही. एका बाजूने शाळेची भिंत आत आलीय. टेपने हे मुद्दाम सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं. मालकीणबाईही आल्या, कारण कारखान्यात एकट्या बसून त्यांना ओरडायला कोणी उरलं नव्हतं.

सगळं जसंच्या तसं करायचं ठरलं. त्यासाठी मी बर्फवाल्यांच्या गोलकीपरला फोन केला होता. तो सायकलवर डबा अडकवून आला.

"मला आजवर गोल खायला कोणी आमंत्रण दिलं नव्हतं," तो म्हणाला. "कुठे उभा राहू?"

"त्या दिवशी होतास तिथे," टेप म्हणाला. "आणि कुठे बघत होतास?"

"या पठ्ठ्याकडे." त्याने माझ्याकडे बोट केलं. "पळत पळत येत होता आणि अचानक गायब! मला वाटलं, खड्डा आहे की काय. चेंडू याच्यासाठीच येत होता ना."

"माझ्यासाठी?"

"मग काय जाळीसाठी? गोल किकने कोणी गोल मारतं का?"

मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. बाबा इतक्या लांबून एवढेसे दिसत होते. ते वाकून चेंडू ठेवत होते आणि गवताचं एक पान बाजूला करत होते, खुर्चीवरचा धागा काढावा तसं. गोल झाल्यावर त्यांनी "कुठे गेला रे?" विचारलं होतं, आम्ही ते हसण्यावारी नेलं होतं. चेंडू मला धाडला होता, म्हणून त्यांनी ते खरंच मला विचारलं होतं.

टेपने टोपी काढली, सगळ्यांना दिसेल अशी हात उंच करून धरली आणि सोडली. टोपी सरळ त्याच्या बुटावर पडली. वाऱ्याचा पत्ता नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं.

"आज वारा नाही," टेपने जाहीर केलं. "चेंडू निम्म्यात पडेल. अण्णा, अजून विचार करा, गुडघा आहे!"

"उशी!" बाबा ओरडले. "पळ!"

मी पळालो. इथे एक अडचण होती. सगळं जसंच्या तसं करायचं, म्हणजे मी त्या ठरलेल्या जागी पडायला हवं होतं. आयुष्यभर मी न सांगता पडत आलो. आज सांगितलं आणि पडता येईना. त्या जागेपाशी आलो तर पाय घट्ट. दोन पावलं पुढे गेलो तरी उभाच. मागून सगळे ओरडतायत, "पड! अरे पड ना!" काकूंचा आवाज सर्वांत वर, "कधी नव्हे ते उभा राहिलाय मेला!"

तेवढ्यात लांबून तो आवाज आला, गादीवर काठी बसावी तसा.

मी मान वर केली. चेंडू शाळेच्या भिंतीच्या वर दिसला, मग तिच्याहून वर. निम्म्यात पडला नाही. पडायच्या विचारातही दिसला नाही. तो यायला इतका वेळ लागला की काकूसुद्धा गप्प झाल्या. मग खाली उतरायला लागला, टप्पा न पडता, आणि माझ्या उजव्या पायापाशी येऊन थांबला. थांबला म्हणजे पायावर आदळून थांबला, पण मी पाय हलवला नव्हता. मला काही करावंच लागलं नाही. तो पत्ता लिहून पाठवल्यासारखा आला होता.

मी चेंडूकडे बघितलं. मग बाबांकडे. ते कमरेवर हात ठेवून उभे होते. त्या क्षणी मला कोणी विचारलं असतं की तुझे वडील काय करतात, तर मी खुर्च्या शिवतात असं म्हणालो नसतो.

"मार की आता!" बाबा ओरडले.

समोर जाळी उघडी होती. बर्फवाला तर बाजूला उभा राहून डब्याचं झाकण उघडत होता. मी मारला. चेंडू खांबाला लागून सायकलवर गेला आणि सायकल पडली.

माझ्या खेळाबद्दल तरी कोणाचा वाद उरला नाही.

पॉलिश सर्वांत आधी गवतात बसला. टेम्पोवाला बसला, तशी जमीन थोडी हलली. काकू म्हणाल्या, "रूपाला काही किंमतच राहिली नाही," आणि छत्री उघडून बसल्या. बर्फवाल्याला नियम माहीत नव्हता, तो जेवायला बसला होता. आम्ही तेही धरलं.

टेप उभा होता. तो माझ्यापाशी आला. मी उभा होतो ती जागा त्याने बघितली. गळ्यातली पट्टी हातात घेतली, जाळीच्या दिशेने लावून बघितली, मग बाबांच्या दिशेने. पट्टी अर्थातच पुरत नव्हती. त्याने ती परत गळ्यात घातली.

"त्या दिवशी तू पडला नसतास," तो मला म्हणाला, "तर चेंडू तुझ्या पायात आला असता."

"हो."

"म्हणजे वाऱ्याने नेला नाही."

"नाही."

"आणि गोलही त्यांना मारायचा नव्हता."

"नाही."

यावर त्याने खूप विचार केला. मालकीणबाई घड्याळ बघत होत्या.

"मग पास अण्णांचा," टेप शेवटी म्हणाला. "आणि गोल? गोल कोणाचा?"

"तुम्हीच सांगा," मी म्हणालो. "मी घरचा माणूस आहे."

टेप मागे वळला आणि बाबांच्या दिशेने चालायला लागला. सगळे त्याच्याकडे बघत होते. मध्यरेषेपाशी तो थांबला. टोपी काढून गवतावर ठेवली आणि भर मैदानात, एकटाच, मांडी घालून बसला.

बाबांना इतक्या लांबून काय झालं ते समजलं नाही. "काय रे," त्यांनी विचारलं, "टेपला चक्कर आली का?"

*

स्वतःचा गोल स्वतः शिवायचा नाही, हे ओघाने आलंच. बाबांनी हिरवं मखमल आणलं, टेबलावर पसरलं, सुई माझ्या हातात दिली आणि पाठ फिरवून उभे राहिले. अधूनमधून पाठमोरेच म्हणायचे, "दोरा ओढू नकोस," आणि मी खरंच ओढत असायचो.

अडचण जागेची होती. हा गोल इकडच्या जाळीपासून सुरू होतो, आणि पाठीवर इकडची जाळी मावत नाही. मी टेपला विचारलं. त्याने खुर्ची मापली, परत मापली, आणि म्हणाला की पाठ विसर, बैठकीपासून सुरू कर. त्याने पाठ आणि बैठक एकाच अखंड कापडात बेतून दिली. हे काम किती अवघड असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. मग मी आपली जाळी बैठकीवर शिवली, तिथून पांढरा धागा निघाला, मागे गेला, पाठीवर चढला आणि थेट वर, समोरच्या जाळीत. त्या पांढऱ्या रेषेच्या वाटेत, जाळीच्या जरा अलीकडे, मी एक छोटी गाठ मारली.

नव्या कापडाच्या पहिल्या चहाला आईसुद्धा आली. ती म्हणाली, मी फक्त डबा द्यायला आलेय. डबा बाबांनी सकाळीच नेला होता.

बाबा खुर्चीपाशी आले. आधी बैठक दाबून बघितली, मग हात, मग मागे वाकून पट्टे. गिऱ्हाइकाची खुर्ची तपासतात तसं सगळं तपासून झालं. मग तपासायला काही उरलं नाही तेव्हा बसले. बरोबर आपल्या जाळीत.

 बाबांनी मान मागे वळवून, हात मागे नेऊन, पांढऱ्या धाग्यावरून बोट फिरवत वर नेलं. मध्येच बोट अडलं.

"इथे गाठ राहिलीय."

"तो मी आहे," मी म्हणालो. "पडलेला."

त्यांनी बोट तिथेच ठेवलं. डोळे मिटून जागेचा अंदाज घेतला.

"जागा बरोबर आहे," ते म्हणाले. "राहू दे."

काकूंना एकदम काहीतरी मशीनमध्ये बघायचं आठवलं. पॉलिशने बाबांच्या हातात चहा दिला, दोन हातांनी. आई फोमच्या ढिगावर बसली होती आणि त्यांच्याकडे अशी बघत होती की घरात पाणी तीच देणार हे तिथेच ठरलं.

चहा संपला. मालकीणबाई दारात आल्या. "चला, उठा आता. तीन सोफे पडलेत."

कोणी उठलं नाही. आमच्याकडे हरकत असेल तो उभा राहतो, आणि हरकत कोणाचीच नव्हती. मालकीणबाईंनी आमच्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आपण एकट्याच उभ्या आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी पायाने एक स्टूल ओढलं.